पाहुणे आले की नेट येतं

किर्गिझस्तानातल्या नारिनमध्ये शारकानला ओळखत नाही असा माणूस एक तर पाळण्यात असेल, नाहीतर परगावचा. ही ओळख तोंडानं कमी, आवाजानं जास्त. ऐन विशीत ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटली ती एक्स्चेंजला कुलूप लागेपर्यंत. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी आणि हातात वायरी. कुणाचा मुलगा फौजेत, कुणाची लेक ताश्कंदला शिकायला, कुणाचा नवरा खाणीवर. सगळ्यांचे आवाज हिच्या बोटांतून जायचे. लाइन तुटली की ती पलीकडच्या गावच्या ऑपरेटर बाईला असं झापायची की लाइन घाबरून परत येते, असं लोक म्हणत.

रागीट ती जन्माचीच. नवरा होता तोवर रागाला एक हक्काचा माणूस होता. तो गेल्यावर तेवढाच राग गल्लीत, बाजारात आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवर वाटावा लागे. बाई उद्या ऊन म्हणाली आणि बर्फ पडला, तर शारकान तिला नावानं हाक मारून जाब विचारायची.

आणि अशा बाईच्या घरात, साठी उलटल्यावर, नेट टिकत नव्हतं. सगळ्या मुलखाच्या लाइनी जिनं सांभाळल्या, तिच्याच घरातून एक आवाज धड राजधानी बिश्केकपर्यंत पोचत नव्हता. हा अपमान होता, आणि शारकाननं तो अपमान म्हणूनच घेतला.

घरात माणसं तीन. शारकान, सून मेरिम आणि चार वर्षांची नात आदिनाय. बाकी घर भरलं होतं ते यंत्रांनी. मुलगा तालाय मॉस्कोत विजेच्या सामानाच्या गोदामात कामाला होता. खोकं फाटलेला माल तिथल्या माणसांना स्वस्तात मिळे. नारिनचा कुणी गावी निघाला की तालाय त्याच्याबरोबर काहीतरी धाडायचा. फाटकावर कॅमेरा आला. गोठ्यात गायीवर नजर ठेवायला दुसरा आला. जमीन झाडणारी एक चपटी तबकडी आली, तिला शारकान कासव म्हणायची. विचारलं की रशियनमध्ये उत्तर देणारा डबा आला, रंग बदलणारा दिवा आला, पोरीला टॅब आला. कपडे धुवायच्या यंत्रालासुद्धा नेट लागायचं. कशाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तीन वर्षांत वस्तू येत राहिल्या, तालाय मात्र उन्हाळ्यात महिनाभर तोंड दाखवून जायचा. शारकान प्रत्येक खोकं उघडताना म्हणायची, "हे पाठवलं. स्वतःला खोक्यात घालून पाठवायला काय झालं होतं?"

मेरिमची नोकरी घरातूनच होती. बिश्केकच्या एका दवाखान्याचे फोन तिच्याकडे यायचे. मागच्या छोट्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून ती बसायची. "नमस्कार, बोला, ऐकतेय." आवाज असा की दुखणं अर्धं तिथंच उतरावं. पहिल्या दिवशी शारकाननं दाराला कान लावून ऐकलं आणि चहा ठेवायला गेली. सुनेला तोंडावर बरं म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. पण कुल्सुनला, म्हणजे शेजारणीला, ती म्हणाली, "पोरीचा गळा एक्स्चेंजचा आहे. आमच्या वेळी असती तर मी तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं असतं."

पण बोलता बोलता नेट जायचं. पलीकडचा रोगी "हॅलो, हॅलो" करत राही आणि मेरिम भिंतीकडे बघत बसे. बिश्केकच्या साहेबीण बाईनं दोन-तीनदा समज दिली. मग एकदा सरळ सांगितलं: महिनाअखेरच्या शुक्रवारचा दिवस बघते. त्या दिवशी फोन तुटला तर तुझ्या जागी दुसरी बसेल.

हे शारकानला मेरिमनं सांगितलं नाही. शारकाननं दाराला कान लावून ऐकलं. ऑपरेटरची सवय, ती काय जाते?

आणि ऐकल्यापासून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती उतरेना. नोकरी गेली तर पुढं काय, हे नारिनमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. सून मॉस्कोला जाणार, पोरगी आजीकडे राहणार. कुल्सुनच्या घरी दोन नातवंडं अशीच वाढत होती. मागच्या हिवाळ्यात त्यांची आई चार वर्षांनी आली, तर धाकटी कुल्सुनच्या घागऱ्यामागं लपली. "ही फोनमधली बाई आहे," म्हणाली. त्या बाईनं बूटसुद्धा काढले नाहीत, तशीच दारात खाली बसली. शारकान तेव्हा तिथं दूध द्यायला गेली होती. ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. तिला भीती वाटत होती. पण भीती कशी दाखवतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ती ओरडत होती.

पहिला राग यंत्रांवर निघाला. "एवढी तोंडं एका नळाला लागल्यावर पाणी कुणाला पुरणार?" असं म्हणून तिनं एकेकाची पिन उपटायला सुरुवात केली. गोठ्यातला कॅमेरा काढला. रंगीत दिवा काढला. कासव उलटं करून कपाटावर टाकलं. पोरीचा टॅब काढला तेव्हा आदिनायनं असा सूर लावला की फाटकावरच्या कॅमेऱ्यात कुल्सुन धावत येताना दिसली असती, पण तोही काढला होता. एवढं केल्यावर नेट थोडं जास्त टिकलं. शारकान कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बघ! मी म्हटलं नव्हतं?" आणि संध्याकाळी गाय दोहून ती घरात येते तर नेट पुन्हा मेलेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, पण हे तिला कोण सांगणार?

दुसरा राग कंपनीवर. फोन लावला की एक मुलगा तिला थोरल्या बहिणीसारखी एजे अशी हाक मारून गोड आवाजात म्हणे, "एजे, नेटचं खोकं बंद करा आणि चालू करा."

"पोरा, मी बंद-चालू करत होते तेव्हा तुझ्या आईला मागणंसुद्धा आलं नव्हतं. माणूस पाठव."

"केलंत का पण बंद-चालू?"

"तुझं तोंड आधी बंद कर, मग खोक्याचं बघू. माणूस पाठव!"

माणूस आला. सातार त्याचं नाव, अंगानं भरलेला, स्वभावानं शांत. माणूस कंपनीचा असला तरी घरात आला म्हणजे पाहुणा. शारकाननं रागानंच त्याचे बूट काढवले आणि रागानंच त्याला आतल्या मानाच्या जागी बसायला सांगितलं.

दारासमोरच्या भिंतीला पत्र्यानं मढवलेली जुनी पेटी होती आणि तिच्यावर गोधड्यांची चळत. प्रत्येक घरात असते तशी, पण शारकानची पाहावी अशी. तळाला मेरिमच्या माहेरच्या, वर शारकानच्या स्वतःच्या, आणि सगळ्यांत वर शारकानच्या आईनं शिवलेल्या, लाल-काळ्या मखमलीच्या. रोज सकाळी घडीला घडी लावून चळत छतापर्यंत न्यायची हे शारकानचं काम. सुनेनं घर झाडावं, स्वयंपाक करावा, पण चळत लावायची नाही, हे मेरिम लग्न होऊन आली त्या दिवशीच ठरलं होतं. चळत म्हणजे घराची अब्रू. ती कमरेएवढी असली तर लोक मागून बोलतात.

आणि त्या चळतीच्या पोटात, पेटीच्या पत्र्यावर, नेटचं खोकं ठेवलेलं होतं. नुसती वायर बाहेर.

हे शारकाननंच केलं होतं, आणि विचार करून केलं होतं. एक्स्चेंजमध्ये हिवाळ्यात यंत्रांना थंडी बाधायची. नारिनची थंडी म्हणजे गायीच्या मिशांना बर्फ धरणारी. कोळसा संपला की मोठी बाई घरून गोधड्या आणायला लावी आणि सगळ्याजणी मिळून पाट्यांना पांघरूण घालत. सकाळी लाइनी ठणठणीत. म्हणून तालायनं पाठवलेल्या पैशातून घेतलेलं खोकं घरात आलं त्या दिवशीच शारकाननं त्याला घरातली सगळ्यांत उबदार आणि मानाची जागा दिली. पाहुण्याची नजर लागणार नाही आणि थंडीही लागणार नाही.

तर सातार आला. शारकाननं चळतीवरून मखमली गोधड्या काढल्या, त्याच्या बुडाखाली दोन, पाठीशी एक. बरोबर आलेल्या ड्रायव्हरला दोन. मग साधं दिसू नये म्हणून आणखी. चळत पेटीपर्यंत उतरली. मेरिमनं मेजावर नान, पिठाचे तळलेले बोरसोक, साय आणि जरदाळूचा मुरंबा मांडला. चहा अर्धी वाटी, पुन्हा अर्धी वाटी. साताररावांनी बोरसोकांचा डोंगर निम्मा केला आणि मग फोन काढून बघितला.

"चालतंय की, एजे."

"तू आल्यावर चालतंय!"

"मग मी काय करू? चालतंय ते दुरुस्त कसं करणार?"

तो गेला. शारकाननं चळत पुन्हा छताला नेली. दुपारच्या चहाला नेट गेलं.

ती पुन्हा भांडली. सातार पुन्हा आला, पुन्हा गोधड्या उतरल्या, पुन्हा बोरसोक संपले आणि पुन्हा नेट घोड्यासारखं पळालं. "एजे," तो तृप्तपणे म्हणाला, "तुमच्या घरासारखं नेट अख्ख्या नारिनमध्ये नाही." ती त्याला मारायचीच बाकी राहिली. त्यानंतर कंपनीत तिचं नाव निघालं की हसायला सुरुवात व्हायची, आणि हे तिला कुल्सुनकडून कळलं, त्यामुळं रागात आणखी तेल.

तिसरा राग सुनेवर निघाला, कारण ती जवळ होती. एके दिवशी शारकान बाजारातून आली तर खोकं खिडकीत. काचेशी, फुलाच्या कुंडीसारखं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, अपा. जरा हवा..." अपा म्हणजे आई; सासूला ती असंच म्हणायची.

"हवा! बाहेर पाय ठेवला तर नाक गळून पडेल, आणि तुला हवा सुचतेय! रस्त्यानं जाणाऱ्याला दिसू दे, चोरून नेऊ दे, काचेला बर्फ धरून ते गारठून मरू दे, आणि मग म्हण नेट जातं! आणि माझ्या चळतीला हात लावलास?"

शारकान बराच वेळ बोलत होती. बोलत बोलतच तिनं खोकं उचललं, डोक्याच्या रुमालानं पुसलं आणि पुन्हा गोधड्यांच्या पोटात सारलं. मेरिम हेडफोन लावून आत गेली. दार हळू लागलं. आपटलं असतं तर शारकानला बरं वाटलं असतं, निदान भांडायला काहीतरी मिळालं असतं.

मग तो शुक्रवार आला. सकाळपासून बर्फ. मेरिम आत बसली आणि शारकाननं घरात कुणाला मोठ्यानं श्वास घेऊ दिला नाही. आदिनायला चुलीपाशी बसवून ती स्वतः दाराशी उभी राहिली. "नमस्कार, बोला, ऐकतेय." एक फोन झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला आतून नुसती शांतता. मग मेरिमचा आवाज, "हॅलो? ऐकू येतंय का?" आणि पुन्हा शांतता.

शारकाननं कंपनीला फोन लावला. या वेळी ती काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पण अर्ध्या तासाच्या आत गाडी फाटकाशी उभी राहिली, आणि तिच्यातून सातार उतरला नाही. उतरला एक काटकुळा, डोळ्यांखाली काळं झालेला, दोलोत नावाचा. तो दारातूनच म्हणाला, "सातार म्हणाला, तुम्ही जेवायला बोलावता म्हणून. मला वेळ नाही. काय झालंय?"

"बूट काढ, आत ये, चहा घे."

"नको, एजे. सकाळपासून घराघरात चहाच पितोय. पोटात नुसता हलतोय."

"नान तरी तोंडी लाव."

"नको म्हटलं ना."

नानला नको म्हणणारा माणूस शारकाननं आयुष्यात पहिल्यांदा बघितला. वैरी असला तरी तुकडा मोडून तोंडात टाकतो. तिचं डोकं असं फिरलं की हात गोधडीकडे गेलाच नाही. "बरं," ती म्हणाली, "मग उभाच राहा. माझ्या घरात तुझ्यासाठी बसायला काही नाही." आणि हाताची घडी घालून चळतीसमोर उभी राहिली.

दोलोतनं फोन बघितला. "खरंच नाही की."

"म्हणजे आजवर मी खोटं बोलत होते?"

"खोकं कुठंय?"

तिनं हनुवटीनं मागं दाखवलं. "उबेला ठेवलंय."

"कुठं?"

"गोधड्यांत. आंधळा आहेस?"

बर्फाचे बूट तसेच घेऊन दोलोत नमद्यावरून, म्हणजे तिच्या हातानं शिवलेल्या पांढऱ्या-तांबड्या लोकरी गालिच्यावरून, सरळ चालत आला. तिला बाजूला करून त्यानं खांद्यापर्यंत हात चळतीत घातला, अडलेल्या गायीत घालतात तसा, आणि खोकं बाहेर ओढलं. "आयायाय!" ते या हातातून त्या हातात उडवत त्यानं पेटीच्या कडेवर टाकलं. वरची चळत डुलली, थांबली, पुन्हा डुलली आणि शारकानच्या आईच्या मखमलीसकट त्याच्या डोक्यावर कोसळली.

शारकान पहिल्यांदा त्याला मारायला धावली. हातात उशी आली तर उशीनं. "बूट! नमद्यावर बूट! माझ्या आईची चळत! तुझ्या घरी गोधडी नाही का रे, रस्त्यावर जन्मलास?" दोलोत गोधड्यांतून डोकं बाहेर काढून ओरडला, "अहो एजे, हात लावून बघा! हात लावा त्याला!"

तिनं हात लावला आणि झटकन काढला. तव्यावरचा नान असता तर एवढा भाजला नसता.

"बोरसोक तळा यात," दोलोत म्हणाला. "याला हवा लागते. गरम झालं की बंद पडतं, निवलं की उठतं. एवढी यंत्रं जोडल्यावर आणखी तापतं. तुम्ही त्याला पांघरूण घालून झोपवलंत! एखाद्या दिवशी चळत पेटली असती, घर गेलं असतं."

"एक्स्चेंजमध्ये आम्ही..."

"कुठलं एक्स्चेंज? त्यांना थंडी बाधत असेल. याला उकडतं."

तेवढ्यात खोक्यावर हिरवा दिवा लागला. आणि घर एकदम जागं झालं. काढलेली यंत्रं एव्हाना परत लागली होती; फाटकावरचा कॅमेरा टुंग वाजला. डबा रशियनमध्ये काहीतरी म्हणाला. टॅबमधलं अस्वल गाऊ लागलं. मागच्या खोलीतून मेरिमचा आवाज आला, "हो, आता ऐकू येतंय. माफ करा. बोला."

शारकान पडलेल्या गोधड्यांकडे बघत उभी राहिली. सातार आला की गोधड्या खाली. सातार गेला की गोधड्या वर. पाहुणे आले की नेट येत होतं आणि पाहुणे गेले की जात होतं, आणि काखेत कळसा घेऊन ती गावाला वळसा घालत होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. ते जमेना, म्हणून तिनं मेजावरचा नान तोडला आणि दोलोतच्या तोंडात कोंबला.

"खा! खाल्ल्याशिवाय या घरातून जायचं नाही!"

तो चावत चावत पळाला.

दिवस पुरा झाला. त्यानंतर एकही फोन तुटला नाही, आणि सकाळचं तेवढं तुटणं साहेबीण बाईनं पोटात घातलं. मेरिम दार उघडून बाहेर आली. समोर गोधड्यांचा ढीग, पेटीवर उघडं खोकं. तिनं ते बघितलं, आणि शारकाननं तिच्याकडे बघितलं. एवढी वर्षं माणसांचे श्वास ऐकून शारकानला एक गोष्ट येत होती: कोण कशानं चकित झालं आणि कोण नाही, हे तिला शब्दांआधी कळायचं. मेरिम चकित झाली नव्हती.

"तुला ठाऊक होतं," शारकान म्हणाली.

मेरिमनं हेडफोन मानेवरून काढून मेजावर ठेवला.

"तुला ठाऊक होतं! कधीपासून?"

"सातार पहिल्यांदा आला तेव्हापासून. म्हणून तर खिडकीत ठेवलं होतं."

"मग मी परत कोंबलं तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"तुम्ही ओरडत होतात, अपा."

"मी रोजच ओरडते! मी झोपेतही ओरडत असेन! म्हणून काय घर जाळायचं? नोकरी घालवायची?"

मेरिम गोधड्यांच्या ढिगावर खाली बसली. "नोकरी जाऊ दे, असंच वाटत होतं मला," ती म्हणाली.

चुलीवरचं पाणी उकळत होतं. शारकाननं ते काढलं नाही.

"पहिल्यांदा तुमचा राग आला, म्हणून गप्प बसले. मग वाटलं, राहू दे तिथंच. तीन वर्षं झाली, अपा. उन्हाळ्याचा महिना सोडला तर तालायचा आवाज मी फोनच्या खरखरीशिवाय ऐकलेला नाही. मी आपण होऊन नोकरी सोडून गेले असते तर अख्खं नारिन म्हणालं असतं, म्हातारीला टाकून नवऱ्यामागं पळाली. नोकरीनंच मला सोडलं असतं तर कोण काय म्हणणार होतं?"

"आणि पोरगी?"

मेरिमनं गोधडीची कड बोटांनी मुडपली. "आधी तुमच्याकडे. मग जम बसला की..."

"जम!" शारकानचा आवाज असा चढला की आदिनायनं टॅब खाली ठेवला. "कुल्सुनच्या लेकीचा बसला का जम? चार वर्षं बसतोच आहे! दारात बसली होती ती, बूट न काढता, मी बघितलंय! तुला फोनमधली बाई व्हायचंय? आणि मला सांगायचं नाही, घर तापू द्यायचं, मला गावभर भांडायला लावायचं, माझं हसू करून घ्यायचं! कंपनीत हसतात मला! तुझ्यासाठी भांडत होते मी, गाढवे! तू जाऊ नयेस म्हणून भांडत होते!"

हे तोंडातून गेलं आणि तिलाच ऐकू आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची लाइन जोडली, स्वतःचं बोलणं असं कधी लागलं नव्हतं. मेरिम रडायला लागली. शारकाननं तिला जवळ घेतलं नाही. ती ढिगापाशी वाकली आणि गोधड्या उपसू लागली. ही आईची, बाजूला. ही माझी, बाजूला. अगदी तळाच्या निळ्या, कडेला शिंगांची नक्षी असलेल्या, मेरिमच्या माहेरच्या. त्या तिनं ओढून काढल्या, एकावर एक टाकल्या, चादरीत घातल्या आणि गाठ मारली. गाठ इतक्या रागानं मारली की नंतर ती कात्रीनं कापावी लागली.

"या तुझ्या. मॉस्कोत जमीन गार असते म्हणतात. आणि पोरीला घेऊन जायचं. मागं ठेवलीस तर तुझं तोंड बघणार नाही, फोनवरसुद्धा नाही."

"अपा, लोक..."

"लोकांना मी सांगेन. मी हाकललं म्हणून सांगेन! चळतीला हात लावला, म्हणून घालवून दिली. माझ्या रागावर नारिनमध्ये कुणाचा अविश्वास आहे?"

"आणि तुम्ही एकट्या..."

"एकटी कुठली? एवढी यंत्रं आहेत घरात!"

बर्फ वितळल्यावर त्या दोघी गेल्या. शारकाननं सांगितल्याप्रमाणं गावभर सांगितलं, आणि गावानं ते खरं मानलं. "म्हातारीनं सोन्यासारखी सून घालवली," असं लोक म्हणू लागले. कुल्सुननं तर दोन आठवडे तिच्याकडचं दूध घेतलं नाही. शारकाननं कुणाला काही खुलासा दिला नाही. उलट बाजारात कुणी विचारलं तर वर चार शिव्या जोडून सांगे.

चळत आता कमरेएवढीच आहे, आणि पेटीवरही नाही, भिंतीकडेला बाकावर. पेटीवर मानाच्या जागी खोकं, उघडं, चारी बाजूंनी हवा. नेट जात नाही. बर्फ पडो, वारा सुटो, एकदाही जात नाही.

पूर्वी तालायचा फोन यायचा तेव्हा त्याचं तोंड मधेच थिजायचं, आवाज तुटायचा, आणि शारकान "मेलं नेट" म्हणून शिव्या घालत तोंड फिरवायची. तेवढ्यात डोळे पुसून होत. आता पडद्यावर तिघं स्वच्छ दिसतात. मागच्या खेपेस आदिनाय पडद्याला नाक लावून म्हणाली, "आजी, तू रडतेस?"

"नाही गं. नेट खराब आहे."

"खराब नाहीये. मला सगळं दिसतंय."

शारकाननं मान वळवून पेटीकडे बघितलं. "एरवी जायचास ना, मेल्या?" ती खोक्यावर खेकसली. "आता जा की! आता का जात नाहीस?"

खोकं हिरवा दिवा लावून बसलं होतं.